चुकांची ऑर्डर

शुक्रवार, २० मे २००५. हवा दमट, वारा पडलेला, खाडीकडून चिखलाचा वास.

कारखान्यात पंख्याच्या पात्यांवर कापसाचा बुरा बसतो. बसताना तो कोणाला दिसत नाही. एक दिवस पंखा फिरता फिरता अडखळतो, तेव्हा कळतं केवढा साचलाय! किस्स्यांचंही तसंच. नारपोलीला इक्बालशेठच्या पॉवरलूम कारखान्यात मी मेहता, म्हणजे हजेरी, हिशेब आणि भांडणं सांभाळणारा माणूस. आडनाव म्हात्रे, राहणार टेमघर. किस्से तसे रोजचेच. पण रेवतीमॅडम आल्या आणि बुरा पोत्याने पडायला लागला!

मॅडम जुहूच्या फॅशन डिझायनर. निसर्गाला न दुखावणारे कपडे करायचे आणि आपणही झाडापानांसारखं साधं जगायचं, हे त्यांचं व्रत. आल्या एसी गाडीतून. परत बसताना उकडू नये म्हणून गाडी तासभर गल्लीत चालूच ठेवली होती.

तो दिवस शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा. बाराही लूम उभे. मॅडमनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"किती शांतता! इथे काळ थांबलाय!"

"काळ न्हाय मॅडम, कारखाना बंद हाय," इक्बालशेठ म्हणाले. "हे विजेवर चालतात. उद्या या, कानात बोटं घालून उभं राहावं लागंल."

"आत्ता चालत नाहीयेत ना? मी आत्ताच्या क्षणात जगते."

पुढे त्या दर वेळी शुक्रवारीच आल्या. बाकीच्या दिवशी त्यांचं ध्यान असायचं!

शेठ मात्र हसले नाहीत. धंदा बसला होता. भंगारवाला येऊन एकेक लूम चाचपून गेला होता. गणपतीच्या आत मोठी ऑर्डर आली नाही, तर अब्बांनी बसवलेले बाराही लूम किलोवर जाणार होते. मॅडमच्या परदेशी खरेदीदाराला कापड आवडलं, तर वर्षभराचं काम होतं. त्यामुळे मॅडम म्हणतील ते नैसर्गिक!

*

दुसऱ्या भेटीत मॅडमनी चपला दारात काढल्या. "जमिनीशी नातं जोडायचंय."

आमची जमीन म्हणजे तेल, वंगण आणि त्यावर चिकटलेला बुरा. शकूरचाचा, आमचे सर्वांत जुने कारागीर, सुट्टी असूनही लूमला तेल द्यायला आले होते. ते ओरडले, "मॅडम, चप्पल पहनो! तेल है!"

मॅडम हसून चालत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा तळपाय डांबरासारखे, आणि गाडीतल्या सीट पांढऱ्याशुभ्र. साबणाने जाईना. चाचांनी रॉकेलचं फडकं पुढे केलं. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "नको नको, मी फक्त नैसर्गिक वस्तू वापरते."

चाचा शांतपणे म्हणाले, "ले लो मॅडम. ये भी ज़मीन से ही निकलता है."

*

मग आली रंगाची पाळी. मॅडमनी हळदीत रंगवलेला एक सदरा शेठना भेट दिला. "हा अंगावर श्वास घेतो," म्हणाल्या.

शेठ तो घालून अंबाडीला एका लग्नाला गेले. उन्हाळा, मांडव पत्र्याचा. सदऱ्याने श्वास घेतला आणि शेठच्या मानेवर सोडला! जेवण होईपर्यंत मान, कान, मनगटं पिवळीजर्दक. नवरदेवाचा मामा बघत राहिला. "काय इक्बालभाय, नवरा कोण हाय नक्की?"

घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. भाभींनी दार अर्धंच उघडलं. "दुसरीला पण घेऊन यायचं होतंत!"

शेठनी सदऱ्याची सगळी कथा सांगितली. भाभी म्हणाल्या, "हळद लावलेला शर्ट मुंबईची बाई फुकट देते, आणि मी विश्वास ठेवू?"

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी स्वतः घरी जाऊन खुलासा केला. त्याने प्रकरण आणखी वाढलं.

*

जूनमध्ये पहिला नमुना तयार झाला. चाचांनी जीव ओतून विणला होता. मॅडमनी तो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे फार स्वच्छ आहे. यात माणसाचा हात दिसत नाही. मला गाठी हव्यात, गुठळ्या हव्यात. चुका हव्यात!"

आमच्याकडे कापडात चूक निघाली की कारागिराची मजुरी कापतात. चाचांची सगळी हयात ती चूक टाळण्यात गेली. आता त्यांना चूक करायची ऑर्डर! त्यांनी दोन दिवस मान खाली घालून काम केलं आणि कापडाचं थान आणून ठेवलं. गुठळ्या होत्या. पण वीत-वीत अंतरावर, पट्टीने मोजून मारल्यासारख्या!

मॅडम म्हणाल्या, "या चुका फार शिस्तीत आहेत."

शेठ वैतागले. "चाचा, ज़रा दिल से गलती करो!"

"सेठ, दिल लगाता हूँ तो गलती होती नहीं!"

शेवटी शेठ स्वतः लूमवर उभे राहिले. लहानपणी अब्बांनी कान धरून बाजूला केल्यापासून त्यांनी लूमला हात लावला नव्हता. जे विणलं गेलं ते बघून चाचा नमाजाच्या नावाने बाहेर निघून गेले. गाठी, गुठळ्या, लोंबते धागे, एका ठिकाणी तर शेठच्या रुमालाचा दोराही!

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोण आहे हा कलाकार?" त्यातला एक तुकडा त्यांनी नमुना म्हणून लगेच खरेदीदाराला पाठवला.

शेठ मला हळूच म्हणाले, "अब्बा सांगायचे, तुझ्या हातानी कारखाना बुडंल. बगा मेहताजी, वाचतोय!"

*

कपड्यांच्या चिठ्ठ्याही खास होत्या. कागदात बी घातलेलं. कपडा विकत घ्यायचा, चिठ्ठी कुंडीत पेरायची. वर छापलेलं: 'विजेशिवाय, शांततेत, हाताने विणलेले.' मी त्या चिठ्ठ्या मोजत होतो तेव्हा बारा लूम धडधडत होते. शेजारी उभे असलेले शेठ काय म्हणाले ते मला आजही माहीत नाही.

जुलैच्या ओलीत खोक्यातच चिठ्ठ्यांना कोंब फुटले. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "निसर्गाला थांबवू नका!"

थांबवलं नाही. मेथी होती. चाचांनी बटाटा घालून केली.

*

ऑगस्टचा शेवटचा आठवडा, गुरुवार. पाऊस उघडलेला, आभाळ गच्च.

खरेदीदार शुक्रवारी येणार होता. सकाळी मॅडमचा फोन आला: विमान आधीचं मिळालंय, आजच दुपारी पोचतो. आणि त्या दिवशी आमचाच कारखाना काय, अख्खी गल्ली चालू!

शेठ पावसाच्या चिखलातून दारोदार धावले. तासभर बंद ठेवा, म्हणाले. शेजारच्या कारखानदाराने विचारलं, "कशाला?"

"लूम वाचवायला."

"लूम बंद करून लूम वाचवणार?"

पण बंद केले. एकामागून एक सगळ्यांनी केले. गल्ली अशी गप्प झाली की समोरच्या गॅलरीतली म्हातारी बाहेर आली. "कोण गेलं रं?"

गाडी आली. पाहुणा उंच, अंगात तागाच्या पोत्यासारखा सदरा. शेठनी मोठ्या अदबीने आपल्या हातचं थान उलगडलं, आणि तिथेच थिजले. गाठ नाही. गुठळी नाही. एक धागा लोंबत नाही!

"चाचा, ये क्या किया?"

शकूरचाचांच्या हातात चिमटा होता. "लूम बंद था सेठ, हाथ खाली थे. पूरा थान खराब था, साफ कर दिया."

शेठ बॉबिनच्या खोक्यावर मटकन बसले.

पाहुण्याने कापडावरून हात फिरवला. परत फिरवला. विजेशिवाय, हाताने, इतकं एकसारखं? त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सात पिढ्यांची साधना."

पाहुण्याने चाचांना विचारायला सांगितलं, एक मीटर विणायला किती वेळ लागतो?

"बिजली रही तो चाय ठंडी होने से पहले. नहीं तो अल्लाह मालिक."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, वेळ आपल्या हातात नसतो."

पाहुणा भारावून पुढे झाला. वाकून त्याने लूमखालच्या मोटरवर तळवा ठेवला. चटकन मागे घेतला. ही गरम का?

मॅडमनी शेठकडे बघितलं. शेठनी माझ्याकडे. मी पंख्याकडे.

"कारागिराच्या हातांची ऊब," मॅडम म्हणाल्या.

वर्षभराची ऑर्डर तिथेच मिळाली. अट एकच: सगळं कापड चाचांनी विणायचं, आणि आधी पाठवलेला नमुना ज्याने विणला त्याने लूमला हात लावायचा नाही. भंगारवाल्याचा टेम्पो गणपतीआधी आला आणि रिकामा परत गेला. त्या गुरुवारी पाहुण्याची गाडी गल्लीबाहेर पडली आणि बाराही लूम चार वाजता चालू झाले.