हिराजीच्या तोंडचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःबद्दल सांगायला बसलो की शब्द धुक्यातल्या माणसांसारखे दिसतात — आणि जवळ गेलं की नसतात.

पेणमधलं साप्ताहिक बंद पडल्यावर मी रोह्याच्या एका रंगांच्या कारखान्यात लागलो. काम — कंपनीचं मासिक काढणं. तिथला सुकवणी विभाग अजून डोळ्यांपुढे तरंगतो. ओला रंग माणसं हातांनी ट्रेमध्ये पसरायची. हवेत निळी, गुलाबी भुकटी तरंगत असायची. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये निळ्या भुवयांची माणसं पेंगत बसायची. वाटायचं, बस पाण्याखालून चालली आहे. तेव्हाही असंच वाटायचं — की आता वाटतं?

मग सुकवणीचं मशीन येणार असं ठरलं. माणसं अडून बसली. हाताचं काम गेलं तर आपण कुठे जायचं? मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "आपण सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. त्यांच्यातल्याच एकाला बोलू द्या."

बोलू द्या — किती साधं वाटलं.

हिराजी गडबजवळच्या एका वाडीतला. कंपनीत कायम. त्याच्या वाडीतली बरीच माणसं सुकवणीत ठेक्यावर होती. गणपतीत आरतीचा मेळ घरोघर फिरायचा, त्यात पहिला आवाज हिराजीचा. त्याचा शब्द चालायचा, म्हणूनच मी त्याला निवडलं. कँटीनमध्ये तो एकदा म्हणाला होता, "दिसभर भुकटी खातो साहेब, काय तरी उपाय करा." एवढंच. मी मासिकात छापलं, फोटोसकट, चौकटीत — 'मशीन आणा, असं आम्हीच कंपनीला सांगितलं.'

अंक घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, ह्या मी कवा बोललो?"

"अर्थ तोच होतो, हिराजी."

त्याने अंकाची घडी करून खिशात घातली. मग गेला.

विरोध विरघळला. मशीन बसलं. ठेक्यावरची माणसं घरी गेली, हिराजी राहिला. बसमध्ये कुणीतरी ओरडलं, "हिराजीशेठ, यंदा आरतीला मशीनलाच घेऊन या, झांज वाजवल!" सगळे हसले. तोही हसला.

त्या गणपतीत मी त्याच्याकडे दर्शनाला गेलो होतो. संध्याकाळ होती. भातखाचरांवर ओली हवा, लांबून आरतीच्या मेळाची ढोलकी जवळ येत होती. हिराजी बायकोला म्हणाला, "वात मोठी कर गो, येतील." ढोलकी शेजारच्या अंगणात थांबली. तिथली आरती झाली. मग ती पुढच्या घराकडे गेली — या घरावरून, जणू इथे घरच नव्हतं.

मी उठून जाऊ शकत होतो ना? अंगण ओलांडून म्हणायचं होतं, ते वाक्य माझं आहे. पण मग माझी नोकरी? मी बसून राहिलो. हिराजीने एकट्यानेच आरती सुरू केली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी त्याने गणपती आणला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "सुतक हाय."

त्याच्या घरात कुणी गेलं नव्हतं. मला ते माहीत होतं. मी मान हलवली.