सासऱ्यांची दातपाहणी

जगात संतापजनक माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी आमच्या कचेरीतच बसतात. पण माझ्या सासऱ्यांनी एकट्यानं मला जेवढा संताप दिला, तेवढा त्या सगळ्यांना मिळूनही देता आला नाही. वाशीमच्या शिवेवर मामाजींची भाजीची बाग होती. वांगी, मेथी, मुळा असं पिकवावं, बाजारात न्यावं आणि सुखानं राहावं की नाही? पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बैलाच्या दातांसाठी. बैल घ्यायला निघालेला माणूस त्यांना हाताला धरून बाजारात न्यायचा. हे जबड्यात एकदा डोकावत आणि बैलाचं वय सांगून मोकळे होत. विकणारा मग आईची शपथ घेवो की देवाची. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण बैलाला जो न्याय, तोच ते माणसाला लावत.

वर्षातून दोनदा, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याला, घरादाराचे दात पाहिले जात. पोळ्याला आधी बैलांची रांग, मग आमची. पहिल्यांदा सासरी जाणाऱ्या जावयानं मनाची काय तयारी ठेवावी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतारावर, उन्हाकडे तोंड करून बसावं लागे. मामाजी धोतराला हात पुसत. त्यामुळे हाताचा लसणाचा वास जात नसे, धोतराला मात्र लागे. मग डाव्या हातानं ते समोरच्याचा कान धरत; बैलाचं शिंग धरायची सवय, आणि माणसाला धरण्याजोगं तेवढंच असतं. उजव्या हाताचा अंगठा थेट गालात. तो आत असतानाच विचारत, "दुखते का?" आणि आपण काहीही आवाज काढला तरी तो होकार समजत. वरच्या दातांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. बैलाला पुढचे वरचे दात नसतात, तेव्हा माणसाला दिलेले वरचे दात ही त्यांच्या मते देवाची उधळपट्टी होती. शेवटी शेजारच्या मळ्यापर्यंत ऐकू जाईल असा निकाल: "जवाईबापू, खालची डावी दाढ हालून राह्यली. मीठ-तेल चोळा, आन् ते सुपारी फेका!" मॅट्रिक झालेला माणूस मी, आणि हे सगळं मेव्हणीच्या देखत!

तरीही मी गिळत होतो. पण एकदा आमचे हेडक्लार्क बाग पाहायला म्हणून आले. मी मामाजींना आधीच हात जोडून ठेवले होते. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. साहेबांनी ताजा मुळा खायला तोंड उघडलं मात्र, मी पोचायच्या आत अंगठा आत गेला. "साहेब, तुमी तं पेन्शनीले आले! कागदावर वय कमी लिवेल दिसते." दुर्दैव असं की ते खरं होतं. कचेरीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. त्या दिवसापासून साऱ्या कचेरीचं नकला उतरवायचं काम माझ्या टेबलावर येऊन पडू लागलं आणि माझी बढती जागच्या जागी मेली.

मी तडक बागेत गेलो. "मामाजी, आजपासून माझ्या घरातल्या कोणाच्याही तोंडाला तुम्ही हात लावायचा नाही!" बैलांपुढे कडबा टाकता टाकता ते म्हणाले, "बरं." भांडले असते तर मी निवळलोही असतो. त्या 'बरं'नं माझं डोकं आणखीच फिरलं. त्या पोळ्याला मी गेलो नाही, आणि पुढच्या अखाजीला बायकोलाही माहेरी धाडलं नाही.

त्यानंतर बायको गप्प गप्प राहू लागली. भाकरी दुधात कुस्करून खायची, पदर गालाला धरून बसायची. बापाच्या बाजूनं रुसली आहे, असं मी धरून चाललो आणि तिच्यावरही चार वेळा ओरडलो. ती एका शब्दानं बोलली नाही.

एका बाजारच्या दिवशी मामाजी मेथीची टोपली घेऊन आमच्या अंगणात आले. लेकीनं टोपली घेतली, तेवढ्यात तिचा पदर सरकला. ते तिच्या गालाकडे बघतच राहिले.

"जवाईबापू, मले पाहू द्या."

"नाही म्हणून सांगितलंय ना एकदा!"

"मंग तुमी पाहा."

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं. कशाला पाहीन? मी तिला उन्हाकडे वळवलं. तिला पुरतं तोंडही उघडता येईना. खालची दाढ काळी पडलेली, हिरडी पुवानं फुगलेली, आणि सूज गळ्यापर्यंत उतरलेली. मामाजींनी तोवर बैलबंडी दाराशी आणली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाढ काढली, पू काढला आणि मला फैलावर घेतलं. आणखी दोन दिवस गेले असते तर गळा बंद होऊन बाई गेली असती, म्हणाले. बाहेर ओसरीवर मामाजी उकिडवे बसले होते. मी त्यांना सांगितलं.

"इची माय अशीच गेली," ते म्हणाले. "बजारातल्या साऱ्या बैलाईचे दात पाह्यले म्या, तिचे नाही पाह्यले. तेबी बोलली नाही कधी."

माफी मागायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून निघाला तो रागच. "मग मघाशी मी नाही म्हटलं तरी पुढे का नाही झालात? मला ढकलून द्यायचं होतं!"

"शबूद देल्ला होता न, बापू," ते म्हणाले. "आन् घर तुमचं व्हय."

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बायको सुखरूप आहे, मुलं मोठी झाली. तरी त्यांची आठवण निघाली की मला अजून राग येतो. माझ्यासारख्या माणसाला दिलेला शब्द इतका पाळायची काय गरज होती त्यांना?