गुळाचा खडा

आमच्या घरात कुणी खोकलं की बाबा डबा उघडत आणि त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवत. उभा जन्म पोलादाच्या प्लांटमध्ये, कोळसा भाजणाऱ्या कोकओव्हनवर काढलेला माणूस. छातीतली धूळ गुळाने उतरते, यावर तिथे सगळ्यांचाच विश्वास. रिटायर होऊन जुनवानीत घर बांधलं, तरी डबा सोबत आला. "धूळ हाय, दुसरं काय? गूळ खा अन् कामाले लाग." अंगात ताप असताना ड्यूटी केल्याच्या गोष्टी ते जेवताना सांगत आणि आम्ही मुकाट ऐकायचो.

मागच्या हिवाळ्यात मी शिकवते त्या शाळेतून खोकला आणला. वर्गातली अर्धी पोरं खोकत होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसात सौम्य संसर्ग आहे, म्हणाले. माणूस हिंडता-फिरता राहतो, म्हणून लवकर कळत नाही. खोकल्यातून पसरतो, घरात कुणाला असेल तर घेऊन या.

होता ना! आईला. तीन आठवडे कोरडा खोकला, संध्याकाळी अंग कोमट, कपडे वाळत घालताना मध्येच भिंत धरायची. बाबांना सांगितलं तर हसले. "मले शिकवतं का? दोन पायावर उभी हाय ना ते? मंग बिमार कायची! नाटकं करून राहिली."

आई म्हणाली, "जाऊ दे बाई, कावून वाद घालतं त्याईच्यासंगं?"

आणि मी जाऊ दिलं. चाळिशीची, नोकरी करणारी बाई, आणि बापाला घाबरले! माझ्या गोळ्या मात्र मी वेळेवर घेतल्या. आईने गूळ खाल्ला. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा एक वाक्य बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. पाचव्या दिवशी ती गेली.

तिच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि बाबा खोकू लागले. आठवडाभर त्यांनी लपवलं. मग एका सकाळी चप्पल घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी, मले दवाखान्यात नेतं का?"

मी डबा उघडला आणि गुळाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "धूळ हाय, बाबा. दोन पायावर उभे हाय ना तुम्ही?"

त्यांनी चप्पल काढली. खाटेवर बसून तो खडा हळूहळू चघळला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला जराही दया आली नाही.

दवाखान्यात नेलं मी त्यांना, पण दुसऱ्या दिवशी. बरे झाले. डबा अजून ओट्यावरच आहे. आता खोकल्याची उबळ आली की ते तोंड उशीत दाबून धरतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून.