सरदारसाहेबांनी जिंकलेले डाव

मागच्या महिन्यात माझ्या पुतणीने मला तिच्या मोबाइलवर बुद्धिबळाचा पट दाखवला. पटाशेजारी चालींची यादी होती आणि प्रत्येक चालीपुढे एक पट्टी, थोडी पांढरी, थोडी काळी.

"काका, देखो तर खरं," ती म्हणाली. "लाखो डाव भरलेत यात. कुठली चाल खेळून किती जण जिंकले, किती हरले, सगळं सांगतं. तुमची वहीच ही. फक्त मोठी."

"यात कोण मुद्दाम हरलं ते दिसतं का?" मी विचारलं.

ती हसली. "मुद्दाम कशाला कोण हरेल?" मग म्हणाली, "बाबांनी त्या दिवशी तुमच्या वहीचं ऐकलं असतं तर आपण सगळे इथेच राहिलो असतो. आई शेवटपर्यंत हेच म्हणायची."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. ते खोटं आहे. माझ्या भावाने वहीचं ऐकलं होतं, आणि म्हणूनच तो हरला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेत हवालदार होता. संस्थान विलीन झालं तेव्हा फौजेतली काही माणसं नव्या सैन्यात घेतली, बाकीच्यांना घरी पाठवलं. दादा बाकीच्यांत. मग मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत तो हंगामी चपराशी झाला. हवालदाराने चहाचे कप उचलायचे. तेही त्याने निमूट केलं. पुढे ते राज्यही मोडलं, राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या सामान बांधून निघाल्या. हंगामी माणसांना कोण बरोबर नेतो? मी दफ्तरखान्यात कायम कारकून होतो. जुनी दफ्तरं ग्वाल्हेरलाच राहिली आणि त्यांच्याबरोबर मीही राहिलो.

कागद लावायचे, त्यांची सूची करायची, हे माझं काम, आणि तोच माझा स्वभाव झाला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदारसाहेबांकडे दुपारी बुद्धिबळाची बैठक भरायची. वडिलांपासून आम्ही तिथे जात होतो. मी तिथले डाव लिहून घेऊ लागलो. जुन्या संस्थानाचं नाव छापलेले, आता निरुपयोगी झालेले फॉर्म दफ्तरखान्यात ढिगांनी पडले होते. त्यांच्या कोऱ्या बाजू शिवून मी जाडजूड वही केली. प्रत्येक सुरुवातीला एक पान. त्या पानावर पुढे खेळता येतील अशा चाली एकाखाली एक. डाव संपला की त्या चालीपुढे एक रेघ: ती चाल खेळणारा जिंकला तर उभी, हरला तर आडवी. काही वर्षांत वही अशी भरली की बैठकीतली मंडळी खेळता खेळता मला विचारायची, "काय हो मुनशी, तुमच्या रेघा काय म्हणतात?" मला ते फार आवडायचं.

वहीत एक गोष्ट नव्हती. खेळणाऱ्यांची नावं. सरदारसाहेबांचं नाव हार-जितीच्या रकान्यात लिहायचं हे अदबीला धरून नव्हतं, म्हणून मी कुणाचीच लिहिली नाहीत. फक्त पांढरं जिंकलं की काळं.

आणि सरदारसाहेबांशी कुणी जिंकायचं नाही, हा त्या बैठकीचा रिवाज. लगेच हरायचं नाही. ते उघडं पडतं. चांगल्या तीस-पस्तीस चाली झुंजायचं, मग एक मोहरा चुकून मागे ठेवल्यासारखा ठेवायचा. सरदारसाहेब म्हणायचे, "वा, आज दमवलंत आम्हाला." जहागिरी गेली, दारातला शिपाई गेला, तरी रिवाज गेला नाही. उलट वाढला. आधी आम्ही भिडेने हरत होतो. नंतर दयेने हरू लागलो.

सरदारसाहेबांना एक चाल प्रिय होती. पांढरी घेऊन ते दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं पुढे ढकलत, फुकट. समोरच्याने ते घ्यायचं आणि मग ह्यांनी तुटून पडायचं. माझ्या वहीत त्या चालीपुढे उभ्या रेघांची ओळ कागदाच्या कडेला पोचून खालच्या ओळीत उतरली होती. दादा पांढऱ्याने नेहमी तिथे घोडा बाहेर काढायचा. घोड्यापुढे थोड्याच रेघा, त्याही मिसळलेल्या.

त्या हिवाळ्यात एका गिरणीच्या मॅनेजरने बोलावणं धाडलं. त्याला बुद्धिबळाचा शौक होता. दुसऱ्या गिरण्यांशी सामने व्हायचे आणि त्याला एक खेळाडू हवा होता. टाइमकीपरची जागा रिकामी होती. दोघांची नावं त्याच्या कानावर गेली होती, दादाचं आणि दाल बाजारातल्या एका आडत्याच्या मुनीमाचं. एक डाव खेळायचा. जिंकेल त्याला नोकरी. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात दादाला पांढरी आली.

घरात वहिनी होती, दोन वर्षांची ही पुतणी होती, आजारी आई होती. नोकरी नाही मिळाली तर दादाला ग्वाल्हेर सोडावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीने त्याचा एकुलता एक कोट उलटा करून पुन्हा शिवला, म्हणजे झिजलेली बाजू आत जाईल.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन त्याच्यापुढे बसलो आणि ती ओळ दाखवली.

दादाने बोटाने रेघा पुसल्यासारख्या चाचपल्या. "अरे, हे सरदारसाहेबांचे डाव ना? यातले दोन तर मीच हरलोय."

"सगळेच काही मुद्दाम हरले नसतील."

"तू किती हरलास?"

मी पान त्याच्याकडे सरकवलं. "दादा, एवढ्या रेघा आहेत. एक माणूस चुकेल. एवढे सगळे कसे चुकतील?"

"मला घोडा काढायची सवय आहे रे."

"सवयीने खेळूनच आपण इथवर आलोय," मी म्हणालो. हे मी बोललो होतो. आतून वहिनी म्हणाली, "भाऊजी एवढं सांगतात तर ऐका की. तुम्हाला वाचायला तरी कुठे येतं ते?"

दादा हसला. "ठीक आहे, मुनशीजी. तुमचा हुकूम."

त्या ओळीतल्या बहुतेक रेघा खोट्या आहेत हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी ते मनात येऊ दिलं नाही. माझी वही खरी ठरावी असं मला फार वाटत होतं. भावाला नोकरी लागावी असं वाटत होतं त्याहून थोडं जास्तच. ते 'थोडं जास्त' मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गिरणीच्या ऑफिसात टेबल मांडलं होतं. बैठकीतली पाच-सहा मंडळी आली होती, सरदारसाहेबही छडी टेकत आले. मुनीम अंगाने बारीक, कानात अत्तराचा बोळा. तो गोण्यांवर पट मांडून हमालांशी खेळून शिकलेला. आमची बैठक त्याने पाहिलीही नव्हती. दादाने दुसऱ्या चालीला प्यादं पुढे केलं. मुनीमाने ते उचललं. इथवर वहीसारखंच झालं. पण मग त्याने वजीर थेट पटाच्या कडेला आणून शह दिला. दादाचा राजा जागेवरून हलला, किल्लेकोटाची संधी गेली, आणि त्यानंतर कुणीही मोहरा चुकून मागे ठेवला नाही. मुनीमाला कसली भीड असणार? दादा दर दोन-तीन चालींनी माझ्याकडे बघायचा. वहीत पुढचं काही नव्हतं. पुढे समोरचे नेहमी हरतच आले होते.

डाव संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "हवालदारसाहब, आपका तो बड़ा नाम सुना था. ये चाल किसने बताई?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. सरदारसाहेब माझ्याकडे पाहत होते, बैठकीतली सगळी मंडळी पाहत होती. सरदारसाहेबांसमोर त्यांचे डाव खोटे होते असं कसं म्हणायचं? पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे मला लाज वाटली. मी म्हणालो, "मी घोडाच काढायला सांगितलं होतं. यांनी आपल्या मनाने खेळलं."

दादाने माझ्यावरची नजर काढली. मग मॅनेजरला म्हणाला, "जी हाँ. मेरी ही गलती थी."

वाटेत आम्ही दोघं सराफ्यातून चालत आलो. मला वाटलं तो मारेल. तो एवढंच म्हणाला, "घरी हेच सांगायचं. दोन तऱ्हा नकोत."

त्याच रात्री मी दफ्तरखान्यातलं ब्लेड काढलं. चुकलेलं अक्षर कागद न फाडता खरवडायला आम्ही शिकलो होतो. त्या ओळीतल्या उभ्या रेघा खरवडल्या आणि घोड्यापुढे नव्या ओढल्या.

दादा बीनाला धान्याच्या गोदामावर रखवालदार म्हणून गेला. वहिनी, मुलगी मागोमाग गेल्या. आई त्याला पुन्हा न बघताच गेली. गोदामातल्या धुळीने त्याची छाती गेली. पन्नाशीही पुरी झाली नाही. त्याने पटाला पुन्हा हात लावला नाही. तेराव्याला वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमचं ऐकलं असतं हो ह्यांनी. मी रोज बोलायचे त्यांना. मान खाली घालून बसायचे." म्हणजे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. मी तेव्हाही गप्प बसलो. वहिनी तोच राग घेऊन गेली.

पुतणीने मोबाइल दाखवला त्या दिवशी मी उठलो आणि ट्रंकेतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. ते पान उघडलं. तिने ते खिडकीशी धरलं. खरवडलेल्या जागी कागद इतका पातळ झालाय की उजेड आरपार येतो. मागच्या बाजूचं संस्थानाचं नाव उलटं दिसतं.

मी तिला सगळं सांगितलं.

तिने पान खिडकीपासून खाली घेतलं. मग म्हणाली, "आई त्यांना जेवताना सुद्धा टोचायची, काका. घास हातात असताना." आणि मग, "मीसुद्धा."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. ती बाजूला सरकली. वही माझ्याकडे ढकलून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? लिहा. जसं झालं तसं. सगळ्यांना वाचू दे."

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी आठवून आठवून ते पान पुन्हा मांडलं आहे, या वेळी नावांसकट. सरदारसाहेबांचे डाव वगळले तर त्या चालीपुढे खऱ्या उभ्या रेघा तीन उरतात. आडवी एक नवी घातली. दादाचा तो डाव मी वहीत कधी नोंदवलाच नव्हता.