फ्रिजमधला हलव्याचा मुकुट

माझा राग लवकर उतरत नाही. नवरा म्हणतो, सोडून दे. मी सोडत नाही. लोणच्यासारखा तो बरणीत मुरू देते, आणि मधूनमधून झाकण उघडून वासही घेते. थोरल्या जाऊबाईंवरचा राग मी असाच वर्षभर मुरवला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेने बर्फाचा माणूस करून आणायला सांगितला होता. अमरावतीच्या पोरांनी बर्फ पाहिलेला रसवंतीतला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती म्हणाली, माणूस नको, ससा करू. अकोटकडे माझं माहेर आहे, तिथून वेचणीचा पिशवीभर कापूस आणला होता. दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून तिने एकेक सरकी बोटांनी काढली. मी मैद्याची खळ शिजवली. जुन्या पेपरचा बोळा करून दोऱ्याने आवळला आणि त्यावर तिने कापूस चिकटवत नेला. डोळ्यांना सीताफळाच्या बिया, पायांना तुराटीच्या काड्यांचे तुकडे. एक कान सारखा पडायचा, तर ती म्हणाली, हा झोपलेला कान आहे. लहान मुलांना घरी काय करायला द्यावं असं कोणी विचारलं तर मी आजही हेच सांगते. पैसे लागत नाहीत, आणि दुपार कशी गेली ते कळत नाही.

शाळेतून ससा परत आल्यावर तो अकोल्याच्या मोठ्या आईला द्यायचा, असं तिने ठरवलं. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात ससा छान दिसेल, हा तिचा हिशेब. संक्रांतीला आम्ही गेलो. मांडीवर ससा घेऊन पोरगी एसटीत अंग चोरून बसली होती, त्याला धक्का लागू नये म्हणून.

जाऊबाईंकडे हळदीकुंकवाच्या बायका जमलेल्या. त्यांनी ससा दोन बोटांत उचलला.

"काहून आणला वं हा कचरा? कापसात किडे असतात. सोफ्यावर नको ठेवू."

बायका हसल्या. संध्याकाळी पोरगी केळ्याचं साल टाकायला गेली, तर कचऱ्याच्या डब्यात ससा उलटा पडलेला, पाय वर. ती रडली नाही. रडली असती तर मी मिठी मारून गप्प केलं असतं आणि विषय संपला असता. तिने फक्त स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतले.

त्यानंतर तिने काही केलं नाही. शाळेतल्या बाई सांगायच्या, हस्तकलेच्या तासाला ती म्हणते, "मले येत नाही." राखी नाही, आकाशकंदील नाही, मातीचा बैलसुद्धा नाही. कात्री समोर ठेवली की पाणी प्यायला उठायची. पोरीच्या हातातलं काहीतरी जाऊबाईंनी डब्यात टाकलं होतं, आणि ते मला परत हवं होतं. आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंचं नाक कापायचंही होतं. दोन्हीपैकी जास्त काय हवं होतं, हे मला विचारू नका.

या वर्षी जाऊबाईंच्या नातवाची पहिली संक्रांत आली. म्हणजे बोरन्हाण, आमच्याकडे त्याला लूट म्हणतात. बाळाला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. खाली पडलेलं पोरं लुटतात. जाऊबाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "दागिने पुण्याहून बोलावले. घरी केलेले गावठी दिसतात."

मी हलवा, पुठ्ठा, सोनेरी कागद, डिंक विकत आणला. आठवडाभर मुलीसमोर बसून एकटीच पट्टी कापायचे, दाणे चिकटवायचे. ती येऊन बघायची, हात पाठीमागे. केलेलं घरीच ठेवलं, उरलेलं सामान मात्र मी बॅगेत भरलं आणि आम्ही अकोल्याला गेलो.

लुटीच्या आदल्या संध्याकाळी दही काढायला मी त्यांचा फ्रिज उघडला. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पुण्याच्या दागिन्यांचा डबा.

"मुंग्या लागतीन म्हणून ठेवले," जाऊबाई मागून म्हणाल्या. "उद्या ऐन वेळी काढीन."

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या धाकाने माणसं सगळंच फ्रिजमध्ये कोंबतात, औषधं, चॉकलेट, झेंडूची फुलं. पण हलवा म्हणजे साखर. गारठलेली साखर बाहेर काढली की तिला घाम फुटतो. हे मला ठाऊक होतं. मी दही काढलं आणि फ्रिजचं दार हळूच लावलं. नीट लागलं की नाही, तेही पाहिलं. रात्री मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरल्यावर डबा बाहेर आला. थोड्या वेळात दाणे ओले दिसू लागले. बाळाच्या आईने मुकुट उचलला तसे ते टपटप गळाले. हार एकमेकांना चिकटून लगदा झाला होता, आणि वेगळा करायला गेले तर हातात नुसता दोरा. ती बिचारी रडकुंडीला आली. तिचं वाईट वाटलं, पण थोडंच.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू करते ना वं घरी? दे ना करून."

या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली होती. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी नाही करत, ताई. माझी पोरगी करते. तिले विचारा."

सगळं घर तिच्याकडे बघू लागलं. ती दाराशी उभी होती, हात बाहीत. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय पणाला लावलंय. ती नाही म्हणाली तर जाऊबाईंची फजिती पुरी होणार होती, पण ते हात कायमचे आत राहणार होते.

जाऊबाई तिच्यापुढे वाकल्या. "देशीन का बाळाले मुकुट करून?"

पोरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मोठी आई, तुमी माहा ससा काहून फेकला?"

कोणी हसलं नाही. जाऊबाईंचा चेहरा उतरला. "मले कचरा वाटला, बाई," त्या म्हणाल्या. "चुकलंच माहं."

पोरीने थोडा विचार केला आणि बाह्या वर सारल्या. मी बॅगेकडे धावले.

फरशीवर पुठ्ठा, कागद, डिंक मांडलं गेलं. "मोठी आई, तुमी मोठे मोठे दाणे निवडून द्या," तिने हुकूम सोडला. जाऊबाईंचे गुडघे दुखतात. त्या कण्हत खाली बसल्या आणि ताटलीत दाणे निवडू लागल्या. बायका वरून बघत होत्या. एक दाणा पोरीने परत केला, "हा फुटका आहे." मी भिंतीला टेकून उभी होते. मला इतकं बरं वाटत होतं की मी पाणीसुद्धा प्यायला हलले नाही. पोरीची बोटं डिंकाने भरलेली, जीभ दातांत धरलेली, आणि तिच्यापुढे ती बाई जमिनीवर. माझ्या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत होत्या.

तेवढ्यात पोरीने मान वर केली.

"आई, मोठ्या आईचे पाय दुखून राह्यले. खुर्ची दे ना."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आता सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी गेले आणि मागच्या खोलीतली, एक पाय डुगडुगणारी प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली.

पोरीने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही नाही, आई. चांगली आण."

मी चांगली आणली.