म्हाकूतात्यांचं पथ्य

कोणतीही पालेभाजी खायच्या आधी म्हाकूतात्या तिचं एक पान खुडत, चिमटीत चुरडत आणि हुंगत. भाजी घरची असो की परक्याची. चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरलेला माणूस; कुठला पाला जनावराला सोसतो आणि कुठला पोट फुगवतो, हे ते वासावरून ठरवत. साठीत स्वतः पाला खायची वेळ आली, तेव्हा सवय तीच राहिली. "मेंढराला इचारून कोन खाया घालतंय?" ते म्हणत. "राखणाऱ्यानं हुंगायचं असतं."

एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं होती. मी इंदापूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. कालव्याचं पाणी पोचेल तिथली चराऊ रानं उसाखाली जात होती. तात्यांनी कळप विकला आणि वस्तीजवळच्या दोन एकरांत शेती धरली. खाणं मात्र मेंढक्याचंच राहिलं. रानात असताना मेंढरू लंगडलं की ते शिजायचं, उरलेलं वाळवून पुढच्या मुक्कामाला जायचं. भाकरी आणि मटण, सोबत कांदा. त्याहून वेगळी भाजी त्यांना ठाऊक नव्हती. कळप गेल्यावर दोघे मुलगे दर बाजाराला मटण आणत.

पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा बाक रिकामा असून जमिनीवर बसले. धोतर वर करून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

"बघा सायब. पायात चिखल झालाय."

डॉक्टरांनी लघवी तपासून मूत्रपिंडाचा विकार सांगितला. मटण बंद, मीठ बंद. औषधापेक्षा पथ्यावर भिस्त. पथ्याचे कागद लिहिणं माझ्याकडे होतं आणि त्या कामाचा मला अभिमान होता. कागदाच्या मधोमध रेघ. उजवीकडे 'चालणार नाही': मटण, कोंबडी, अंडी, मासे, सुकट, मीठ, लोणचं, पापड. डावीकडे 'चालेल': भाकरी, भात, दुधी, दोडका, घोसाळी, चाकवत, मेथी. तात्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचत गेलो, त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून सगळं पाठ केलं.

मग म्हणाले, "पाला शेरडानं खायाचा अन् शेरडू आमी. तुमी तर मधलं शेरडूच काढून घेतलं."

"पाळलं नाहीत तर सहा महिन्यांचीही खात्री नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"अन् पाळलं तर?"

"पाणी उतरेल. जगाल."

"मग आजपास्नं मीच शेरडू."

ते थट्टेत बोलले, पण वागले तसेच. जोंधळ्याच्या रानातला एक तुकडा काढून त्यांनी वाफे केले, दुधी आणि घोसाळ्याचे वेल चढवले. वेलांना विकलेल्या मेंढ्यांची नावं दिली. "पवळी आज सुकलीय," असं म्हणत कळशी घेऊन निघत. त्यांच्या बायकोला, ठकूकाकूंना, हसू आवरत नसे.

"मेंढरं इकली अन् येल राखाय लागलं माणूस. आता येलांमागं कुत्रं बी पाळा."

"कुत्रं कशाला? तू हाईस की."

दोन महिन्यांत पायांची सूज उतरली. पुढं ती पुन्हा आली, पुन्हा कमी झाली, पुन्हा आली. तात्या आले की मी कागदातलं एकेक नाव घेऊन विचारायचो. ते प्रत्येक नावाला "न्हाय" म्हणायचे. यादी चोख होती, उत्तरं चोख होती, आणि सूज वाढत होती. एकदा दवाखान्याच्या पडवीत माणसं बसलेली असताना माझा तोल गेला.

"तात्या, तुम्ही कुठंतरी चोरून खाताय."

तात्या सावकाश उठले. "जलमभर मेंढरं राखली, सायब. चोरली न्हाईत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा होती. मला मुद्दाम निरोप आला. तिथं पहिल्या बकऱ्याच्या मुंडीचा मान तात्यांच्या घराकडे होता. घरच्या कर्त्यानं त्यातला पहिला घास खायचा. मग पंगत बसायची. ज्याच्याकडे मुंडी, त्याच्याकडे भावकीचा शब्द. तात्यांच्या वडिलांनी तो मान सांभाळला, मग तात्यांनी.

ताट समोर आलं. तात्यांनी ते धाकट्या भावापुढं सरकवलं. "हितनं पुढं मान तुझा. जो खात न्हाय, त्यानं मान धरून ठेवू नये."

एक म्हातारे म्हणाले, "म्हाकू, नुसता ओठाला लाव. कोन बघतंय?"

"मटण ते मटण. कागदात हाय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "लिवा सायब."

त्या दिवशी पंगतीत ते शेवटच्या टोकाला बसले. पानात भाकरी आणि बिनमिठाचा दुधी.

पुढं त्यांचं दवाखान्यात येणं थांबलं. तीन आठवडे वाट पाहून मी वस्तीवर गेलो. बाजाराचा दिवस होता, चुलीवर मुलांचं मटण शिजत होतं. तात्या भिंतीला टेकून बसले होते. काकू आतून पितळी वाटी घेऊन आल्या. वाटीत अळणी होती. मसाला घालायच्या आधी मटण उकडल्याचं जे पाणी काढून ठेवतात, ते. आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात.

"मिठाचा खडा बी टाकला न्हाय," काकू म्हणाल्या. "दर बाजाराला देते. ह्याच्यावरच तर जीव धरून हाईत."

मी कोनाड्यातला कागद काढला. दोनदा वाचला. उजवीकडे आठ नावं होती. अळणी त्यांत नव्हती. तिला कोणी मटणात धरत नव्हतं, ती औषधात होती. बारामतीला लहानपणी तापात माझ्या आईनं मला तीच पाजली होती, आणि यादी करताना मलाही ती आठवली नव्हती.

वाटी तात्यांच्या हातात देऊन काकू चुलीकडे गेल्या. मी म्हणालो, "तात्या, ही वाटी बंद करायला हवी. कागदात लिहायचं माझ्याकडून राहिलं. आणि वर तुम्हालाच चोर म्हणालो."

तात्यांनी वाटीकडं बघितलं. मुंडीचं ताट त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असेल का, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.

"मोजताना एखादं मेंढरू राहून जातं, सायब. मी बी इसरलोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन तिला सांगू नका. तिनं हौसेनं पाजलंय. कळलं तर माझ्या मागं ती जेवायची न्हाय."

मी वाटी बाहेर वाफ्यात ओतली आणि काकूंना सांगितलं, की औषध बदललंय, नव्या औषधाला अळणी चालत नाही. त्या नाराज झाल्या. "आजाऱ्याची अळणी तोडणारं कसलं वो हे औषध?" पण तोडली.

सूज चेहऱ्यावर आली होती. दुखणं त्या वाटीशिवायही याच वाटेनं गेलं असतं, असं डॉक्टर मला म्हणाले. मी ऐकून घेतलं. शेवटच्या भेटीत तात्या वेलांच्या मांडवाखाली पडून होते. काकूंनी मेथीची जुडी हातात दिली. त्यांनी पान चुरडलं, हुंगलं.

"हिला पाणी जादा झालंय," ते म्हणाले. "माझ्यावानी."

आठ दिवसांनी ते गेले.

तेव्हापासून पथ्याचा कागद लिहिताना मी रेघ मारायच्या आधी घरच्या बाईला विचारतो, "तुमच्यात आजाऱ्याला काय देतात?" निम्म्या वेळा उत्तर अळणी हेच असतं.

काकू पुढं बरीच वर्षं होत्या. तात्यांचे वाफे त्यांनीच राखले. इंदापूरच्या बाजारात त्या मेथी घेऊन बसत, आणि मला बघितलं की हाक मारत. बोलणं दर वेळी तेच असे.

"ती अळणी तोडली नसती, तर आनखी दोन वरसं काढली असती त्यांनी. तुमच्या औषधानं घात केला बघा."

आणि एका जुडीतलं पान खुडून, चुरडून, हुंगून ती जुडी माझ्या पिशवीत टाकत.

"होय काकू," मी म्हणायचो, "माझंच चुकलं."

गेल्या वर्षी त्याही गेल्या, म्हणून आज हे लिहिलं.