भुसारींच्या अंगणातली रम

अच्युत भुसारीला कॉकटेल हा शब्द आवडत नसे. कॉकटेल हॉटेलात होतं, घरी मिश्रण होतं, असं तो म्हणायचा. कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइलला लावायचं वॉर्निश कालवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि पिपलानीतल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात शनिवारी संध्याकाळी तो रमही तेवढ्याच गांभीर्यानं कालवायचा. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि शेजारी राहत होतो, मधे फक्त मेंदीचं कुंपण. मला स्वतःला चहासुद्धा करता येत नाही. म्हणूनही असेल, पण त्याचं ते काम बघत बसायला मला फार आवडायचं.

रम यशवंत सुभेदार आणायचे. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या कारखान्याच्या सिक्युरिटीत लागले होते, आणि मिलिटरी कॅन्टीनची काळी रम हा त्यांचा हक्क होता. संत्री काटोलहून यायची. लीलावतीवहिनींच्या भावाची तिथे बाग होती. डिसेंबर लागला की तो कुणा ओळखीच्याबरोबर पेटी धाडायचा आणि अच्युत ती घ्यायला हबीबगंज स्टेशनला जायचा. गाडी तिथे जेमतेम थांबायची, त्यामुळे पेटी हातात पडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा.

संत्र्यांचा रस फडक्यातून गाळायचा. त्यात ठेचलेल्या आल्याचा रस, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. मग चिनी मातीच्या बरणीत हे सगळं आणि वरून रम. फडकं बांधून बरणी पेरूच्या झाडाखाली अर्धा तास ठेवायची. तो अर्धा तास मला अजून आठवतो. थंडीतलं पिवळं ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकायचं, दूर कुठे तरी कुणी रेडिओ लावलेला असायचा, कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असायचा, आणि आपल्याला कुठेही जायचं नाही ही भावना अंगभर पसरत जायची. कुणी घाई केली तर अच्युत चिडायचा. ऊन पाण्याच्या टाकीमागे गेलं की तो फडकं सोडायचा, बरणीवर वाकून डोळे मिटून वास घ्यायचा, आणि मग कधी म्हणायचा, अजून थांबा, तर कधी, आणा ग्लास. त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

वहिनी बाहेर यायच्या त्या भज्यांची ताटली ठेवायला. ठेवली की आत. त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली दहा मी शेजारी होतो, पण त्या अंगणात त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माझी सुमित्राही कधी बसली नाही. बायका आत, पुरुष बाहेर, मधे जाळीचं दार. आम्हाला कुणालाही त्यात काही खटकत नव्हतं, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

एक्क्याऐंशी साली दसऱ्याच्या आठवड्यात अच्युत वळणावर स्कूटरवरून पडला. डोकं मागच्या बाजूनं आपटलं. आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी आला, चालायला लागला, कामावर जायला लागला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला.

मग एका संध्याकाळी मी त्याच्याकडे वर्तमानपत्र मागायला गेलो तर घरभर जळक्या दुधाचा वास. पातेलं काळं पडलं होतं, आणि स्टोव्हपासून चार हातांवर हा खुर्चीत बसून निवांत वाचत होता. मी स्टोव्ह बंद केला. त्यानं पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कसलाच वास येत नव्हता. डोक्यातली नस दुखावली आहे, परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जिभेला गोड, खारट, आंबट, तिखट एवढं कळायचं, बाकी काही नाही. संत्रं म्हणजे आंबटगोड पाणी, असं तो म्हणाला. हे फक्त वहिनींना माहीत होतं आणि आता मला. सुभेदारांना सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली.

“हात मोडला असता तर लोक भेटायला आले असते,” तो म्हणाला. “वास गेला म्हणून कुणाला सांगू? हसतील.”

शनिवार त्यानं सोडले नाहीत, पण कसे चालवले ते मी बघत होतो. आता तो बरणी गाळायच्या निमित्तानं आत न्यायचा. जाळीच्या दारामागे वहिनी बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावायच्या, आलं कमी आहे किंवा जिरं पुरे झालं असं हलक्या आवाजात सांगायच्या, आणि लगेच मोरीत जाऊन चूळ भरायच्या. चतुर्थी करणारी बाई ती. चूळ भरल्याचा आवाज बाहेर आम्हाला ऐकू यायचा. सुभेदारांना वाटायचं, वहिनींचं जेवण झालं.

मिश्रण पूर्वीसारखंच व्हायचं, पण अच्युतचं मन त्यात नव्हतं. तो आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. आम्ही घोट घेतला की त्याची नजर आमच्यावर, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. आमच्या गप्पांत तो नसायचाच.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी बरखेड्यात हळदीकुंकू होतं आणि वहिनी सुमित्राला घेऊन दुपारीच गेल्या. अच्युतनं मला कुंपणापाशी बोलावलं. आज तो एकट्यानं करणार होता. हातानं वीस वर्षं केलेलं काम हाताला आठवायला हवं, असं त्याचं म्हणणं.

“आज जमलं तर पुढे करीन,” तो म्हणाला. “नाही जमलं तर शनिवार बंद. बायकोच्या जिभेवर यजमानपण किती दिवस करायचं?”

मी उगीच काहीतरी धीराचं बोललो. खरं तर मला धडकीच भरली. ते शनिवार गेले तर अच्युतचं काय उरेल, हे मला दिसत होतं. तो कामावर जाईल, येईल, जेवेल, आणि खुर्चीत बसून राहील.

त्यानं मोठ्या निगुतीनं केलं सगळं. संत्री निवडली, सोलली, पिळली. स्वयंपाकघरात आल्याचं वाटण वाटीत तयारच दिसलं म्हणून ते फडक्यात घालून पिळलं. मीठ, जिरं, रम. बरणी पेरूखाली. ऊन नेहमीसारखं भिंतीवर चढत होतं, हवेत धूसर काहीतरी तरंगत होतं, आणि अच्युत किती तरी दिवसांनी पाय लांब करून बसला होता. ऊन टाकीमागे गेल्यावर त्यानं माझा, सुभेदारांचा आणि स्वतःचा ग्लास भरला.

पहिला घोट तोंडात गेला आणि मला कळलं. ते वाटण वहिनींनी रात्रीच्या वांग्यांसाठी करून ठेवलेलं होतं. त्यात आलं थोडं आणि लसूण भरपूर. रम, संत्रं आणि कच्चा लसूण. मी सुभेदारांकडे पाहिलं. दोन लढाया पाहिलेला तो माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मिशी हलली नाही.

“कसं झालंय?” अच्युतनं विचारलं.

मी झकास म्हणालो. सुभेदार म्हणाले, एकदम सही. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की सुभेदारांनाही सगळं माहीत आहे, कदाचित पहिल्यापासून. आम्ही दोघांनी ग्लास संपवले. अच्युतनं पुन्हा भरले. तो हसत होता, पडल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसत होता, आणि स्वतःच्या ग्लासातले मोठे घोट घेत होता. मला वाटलं, एवढ्यासाठी आयुष्यभर लसूण प्यायलाही हरकत नाही.

तेवढ्यात बायका आल्या. वहिनी, सुमित्रा आणि ओळीतल्या आणखी चौघी, कपाळाला हळदीकुंकू, हातात वाण आणि तिळगुळाच्या पुड्या. त्या मागच्या फाटकापाशी निरोप घेत रेंगाळल्या होत्या. अच्युतला भान राहिलं नाही. तो ग्लास घेऊन उठला आणि सरळ फाटकापर्यंत गेला.

“लीला, बघ तरी,” तो म्हणाला. “मी एकट्यानं केलं.”

त्यानं ग्लास पुढे धरला. चौघीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मीच घाबरून उभा राहिलो. वहिनी हसून आत निघून गेल्या असत्या तर कुणी काही म्हणालं नसतं, उलट नवऱ्यालाच चढली आहे असं समजून बायका घरी गेल्या असत्या. वहिनींना वास फाटकातच आला असणार. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे. मी नजर खाली घातली.

वहिनींनी वाण सुमित्राच्या हातात दिलं, ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर चांगला घोटभर प्यायल्या. बोटावरचा थेंब नाही, घोट. चूळ भरायला गेल्या नाहीत. अंगणात येऊन माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

“यात लसूण पडलाय,” त्या म्हणाल्या.

अच्युत उभाच राहिला. मग तो आमच्याकडे वळला. आमच्या चेहऱ्यांवर सगळं लिहिलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हळूच म्हणाला, म्हणजे बंद.

“बंद कशाला? पेटीत संत्री आहेत अजून.”

“मला काही कळत नाही गं लीला.” हे तो आम्हा सगळ्यांदेखत म्हणाला, मोठ्यानं.

“मला कळतंय ना,” वहिनी म्हणाल्या. “बसा. सोला.”

फाटकापाशी कुजबुज झाली आणि पावलं निघून गेली. सुमित्रा मात्र गेली नाही. ती आत आली, वाण ओट्यावर ठेवलं आणि पदर खोचून संत्री सोलायला बसली. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही पाचजण त्या अंगणात गोल करून बसलो, आणि या वेळी अर्धा तास थांबायची कुणाला आठवण झाली नाही.

नवा ग्लास वहिनींनी आधी तोंडाला लावला आणि मग अच्युतला दिला. त्यानं घोट घेतला की त्या सांगायच्या. आधी सालीचा वास येतोय, म्हणाल्या, काटोलला आम्ही लहानपणी दिव्यापुढे साल पिळायचो, ज्योत तडतडायची, तसा. मग आलं, थंडीत सकाळी चुलीपाशी बसल्यावर येतं तसं. मग खाली रम आहे, गुळाच्या कढईसारखी, गूळ लागायच्या जरा आधीची. अच्युत ऐकत होता आणि पीत होता. अजून सांग, म्हणत होता. अंधार पडायला लागला होता, पेरूची पानं निळी झाली होती, आणि वहिनींचा आवाज कुठल्या तरी बागेतून चालत आल्यासारखा सावकाश येत होता. मला त्या दिवशी माझ्या ग्लासात जे लागलं, ते त्याआधी कधी लागलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला वहिनींना फक्त दोन घरची बोलावणी आली. आधी अकरा यायची. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. शनिवार मात्र अच्युत निवृत्त होऊन क्वार्टर सोडेपर्यंत चालू राहिले, पाच खुर्च्यांचे.

आता आम्ही सगळेच बाग सेवनिया नावाच्या वस्तीत राहायला आलो आहोत. मागे एकदा मी वहिनींना विचारलं, की त्या दिवशी तुम्हीही छान म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? तो किती खूश होता.

“होते ना,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही दोघं खोटं वा वा करत होता, आणि ते एकटेच पीत होते.”